डबीत राहिलेली प्लेट

एप्रिल 2018 मध्ये, आठवीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात, माझ्या दातांवरच्या तारा निघाल्या. बावीस महिने दातांवर असलेले धातूचे चौकोनी तुकडे डॉक्टरांनी एका पकडीने एकेक करून सोडवले, दातांवर उरलेला सिमेंटचा थर घासून काढला आणि हातात आरसा दिला. दात इतके गुळगुळीत लागत होते की सांगलीहून आमच्या गावी परत येईपर्यंत बसमध्ये मी जीभ त्यांच्यावरून सतत फिरवत होते. त्या दिवशी मला मिळालेली दुसरी वस्तू म्हणजे निळ्या डबीतली गुलाबी प्लेट, सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारी. तिच्याकडे मी नीट पाहिलेसुद्धा नाही. पुढे साडेतीन वर्षांनी, बारावीत असताना, मला पुन्हा तारा लावून घ्याव्या लागल्या, त्या या प्लेटमुळे, किंवा खरे सांगायचे तर ती तोंडात असण्याऐवजी डबीत राहिली म्हणून.

माझे मूळचे दात फार वेडेवाकडे होते. जबड्यात जागा कमी आणि दात मोठे, त्यामुळे वरचे दोन्ही सुळे हिरडीत उंचावर अडकल्यासारखे बाहेर आले होते आणि पटाशीच्या चार दातांपैकी उजवीकडचा बाजूचा दात आपल्याच अक्षाभोवती चांगला वळलेला होता. जागा करण्यासाठी वरच्या दोन आणि खालच्या दोन अशा चार उपदाढा काढाव्या लागल्या. उपचाराचा खर्च पस्तीस हजार रुपये सांगितला होता. आईने भिशीचे पैसे उचलून पहिला हप्ता भरला आणि उरलेली रक्कम दर महिन्याला तार घट्ट करायला जाताना थोडी थोडी दिली. हे मी येथे लिहिते, कारण पुढे काय वाया गेले ते त्याशिवाय कळणार नाही.

प्लेट देताना डॉक्टर मॅडमनी सूचना स्पष्ट दिल्या होत्या, आणि मला कोणी सांगितलेच नाही असे म्हणण्याची सोय मला नाही. पहिले सहा महिने जेवण आणि दात घासणे सोडून दिवसभर प्लेट घालायची, त्यानंतर रोज रात्री झोपताना, आणि पुढे किती वर्षे ते नंतर ठरवू, असे त्या म्हणाल्या होत्या. टाळूला चिकटून बसणारे अॅक्रिलिकचे पातळ कवच आणि पुढच्या दातांवरून जाणारी एक तार, अशी ती रचना असते. चार्ल्स हॉले या अमेरिकन दंतवैद्याच्या नावाने ती ओळखली जाते आणि शंभराहून अधिक वर्षे जगभर जवळजवळ त्याच रूपात वापरली जात आहे.

आमच्या घरी तेव्हा आजी होती. ती रोज रात्री कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवायची आणि सकाळी उठल्यावर पहिले काम म्हणून ती धुऊन बसवायची. त्यात मी कधी खंड पडलेला पाहिला नाही. सुरुवातीच्या दिवसांत माझीही प्लेट जेवणाच्या वेळी आजीच्या वाटीशेजारी दुसऱ्या वाटीत असायची. आजी मला आठवण करायची, "घातलीस का गं ती तुझी?" पहिले दोन-अडीच महिने माझे उत्तर बहुतेक वेळा हो असे होते.

मोडता घातला तो उच्चारांनी. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पाचवीपासून भाग घेत असे. प्लेट तोंडात असली की टाळूवर कवचाचा थर येतो आणि जिभेला नेहमीची जागा सापडत नाही. स आणि श घसरत होतेच, पण सर्वांत अधिक त्रास झाला तो चमचा, जहाज, झाड या शब्दांतल्या च, ज, झ यांचा. मराठीतले हे उच्चार करताना जीभ वरच्या दातांच्या मागे अगदी नेमक्या ठिकाणी लागावी लागते, आणि तेथेच आता प्लास्टिकची कड होती. मोठ्याने वाचत राहिले तर काही दिवसांत जीभ सरावते, हे मला नंतर कळले आणि अनुभवासही आले. त्या वेळी मात्र मी भाषणाच्या तयारीसाठी प्लेट काढून ठेवू लागले. आधी तासाभरासाठी, मग शाळेच्या पूर्ण वेळेसाठी. नववीच्या सहामाहीपर्यंत ती केवळ रात्रीची वस्तू झाली होती आणि दिवाळीत मामाकडे गेले तेव्हा मी ती घरीच विसरले.

मामाकडून बारा दिवसांनी परतल्यावर मी प्लेट घातली तेव्हा ती पूर्वीसारखी सहज बसली नाही. बोटाने दाबल्यावर बसली, पण पुढचे दात रात्रभर ठणकत राहिले. सगळ्या गोष्टीत मला अधिक महत्त्वाची वाटते ती हीच रात्र. प्लेट घट्ट होणे म्हणजे दात हलले आहेत याची सरळ खूण असते, आणि त्या वेळी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले असते तर प्लेटच्या तारेत थोडा फेरफार करून किंवा नवीन प्लेट बनवून काम भागले असते. मी उलटा अर्थ काढला. दुखते आहे म्हणजे ही प्लेटच आता चुकीची झाली आहे, असे मी स्वतःला सांगितले आणि ती डबीत ठेवली. त्यानंतरची तपासणीची वेळ सराव परीक्षेच्या नावाखाली चुकवली, त्यानंतरची दहावीच्या नावाखाली. आईने विचारले की मी घालते म्हणून सांगायचे. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

मार्च 2020 मध्ये आमची दहावीची परीक्षा भूगोलाच्या पेपरावर येऊन थांबली, तो पेपर रद्द झाला आणि सर्वांप्रमाणे आम्हीही घरात बंद झालो. पुढची दीड-दोन वर्षे माझ्या दातांच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र घडल्या. दवाखान्यात जाणे जवळजवळ थांबले आणि घराबाहेर तोंडावर कायम मास्क आला. अकरावीच्या वर्गमैत्रिणींनी माझा पूर्ण चेहरा कित्येक महिने पाहिलाच नव्हता. मीही तो टाळत होते. आरशासमोर ओठ मिटून हसण्याची सवय मला पुन्हा लागली होती, जी मला सहावीत होती, आणि ती परत आली आहे हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. नोव्हेंबर 2021 मध्ये मावसबहिणीच्या साखरपुड्याच्या छायाचित्रांत मी एका ठिकाणी नकळत मोकळेपणाने हसलेली दिसले. उजवीकडचा तो पटाशीचा दात पुन्हा वळला होता. आईने ते छायाचित्र बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाली, "सोमवारी मॅडमकडे जाऊ."

मॅडमनी मला रागावले नाही. त्यांनी कपाटातून प्लास्टरचे दोन साचे काढून टेबलावर ठेवले, एक 2016 चा आणि दुसरा 2018 मध्ये तारा काढल्यानंतरचा. मग माझ्या दातांचे नवे माप घेतले आणि पुढच्या भेटीत तिसरा साचा त्यांच्या शेजारी ठेवला. तिसरा पहिल्याइतका वाईट नव्हता. सुळे बऱ्यापैकी जागेवर होते. पण वळलेला दात अर्ध्याहून अधिक मागे फिरला होता, खालचे पुढचे दात एकमेकांवर चढू लागले होते आणि जेथून उपदाढा काढल्या होत्या तेथे वरच्या डाव्या बाजूला बारीक फट उघडली होती. हिरडीतून भरून आलेली, मी पूर्ण विसरलेली ती जागा पुन्हा दिसल्यावर मला रडू आले.

"दात आपल्या जुन्या जागी का जातात?" असे मी त्यांना विचारले आणि त्यांनी जे समजावून सांगितले ते मी चौदाव्या वर्षी विचारायला हवे होते. दाताचे मूळ हाडात भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखे पक्के बसलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि दात त्यात जणू टांगलेला असतो. तारेने दातावर हलका दाब सतत ठेवला की ज्या बाजूला दाब पडतो तेथील हाड झिजवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि ज्या बाजूला ताण पडतो तेथे नवे हाड घडवणाऱ्या पेशी येतात. अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीने हाडातून सरकतो. तारा काढल्या त्या दिवशी दात नव्या जागी असतात, पण आजूबाजूची व्यवस्था अजून जुनीच असते. मुळाभोवतीचे तंतू नव्याने जुळायला तीन-चार महिने लागतात, हिरडीतील चिवट तंतूंना त्याहून अधिक, आणि हिरडीतील लवचिक तंतू तर वर्षभर ताणलेल्या रबरासारखे दाताला मागे ओढत राहू शकतात. वळलेला दात सरळ केला असेल तर ही ओढ सर्वांत जास्त असते. नॉर्वेतील कोरे रायटन या संशोधकांनी कुत्र्यांवर केलेला आणि 1959 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात आजही सांगितला जातो. वळवलेले दात 232 दिवस जागेवर धरून ठेवल्यावरही हिरडीतील तंतू ताणलेलेच होते, असे त्यांना आढळले होते. मी प्लेट नियमित घातली होती ती जेमतेम अडीच महिने.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये अशा 65 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्या माझ्याप्रमाणेच उपदाढा काढून दात सरळ केले होते आणि ज्यांनी रिटेनर, म्हणजे माझ्या प्लेटसारखे दात जागेवर धरून ठेवणारे साधन, वापरणे थांबवून किमान दहा वर्षे लोटली होती. त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांचे खालचे पुढचे दात पुन्हा असमाधानकारक म्हणावे इतके दाटले होते. ज्यांनी आयुष्यात कधी तारा लावल्या नाहीत त्यांचेही खालचे दात वयानुसार थोडे थोडे दाटत जातात. म्हणजे पहिले वर्ष तंतूंना स्थिर होण्यासाठी आणि पुढची वर्षे या नैसर्गिक सरकण्याला अडवण्यासाठी, अशी रिटेनरची दोन वेगवेगळी कामे आहेत. "किती दिवस घालायचा?" या प्रश्नाला मॅडमनी या वेळी मला जे उत्तर दिले ते असे होते की जोपर्यंत दात सरळ राहावेत असे वाटते तोपर्यंत.

आमच्या नात्यात सगळ्यांचे मत पडले की अक्कलदाढा येत असतील, त्या पुढच्या दातांना ढकलत असतील. मलाही ते मत सोयीचे वाटले असते. परंतु मोठ्या एक्स-रेमध्ये माझ्या अक्कलदाढा हाडात खोल होत्या, आणि पुढचे दात दाटण्यास अक्कलदाढा कारणीभूत असतात ही समजूत संशोधनात टिकलेली नाही, असे मॅडमनी आईला सांगितले. तेव्हा मी दवाखान्यातच आईला खरे काय ते सांगितले. नववीच्या दिवाळीपासून मी प्लेट घातलेली नव्हती आणि घालते म्हणून सांगत होते. आई काही बोलली नाही. बाहेर आल्यावर तिने विचारले, "मग आता या वेळी घालशील?" या वेळच्या उपचाराचा खर्च बावीस हजार होता. मॅडमनी जुन्या रुग्णाचा म्हणून कमी केला होता, तरीही बावीस हजारच.

तारांऐवजी पारदर्शक साच्यांचा पर्याय आहे हे मला ठाऊक होते आणि बारावीच्या वर्षात चेहऱ्यावर काही दिसू नये असे मनापासून वाटतही होते. ते साचे दिवसाचे बावीस तास घालावे लागतात आणि खाताना काढता येतात. हे ऐकल्यावर मीच नको म्हणाले. जी वस्तू मला काढता येते ती मी काढून ठेवते, हे आता सिद्ध झालेले होते आणि आईच्या पैशांवर त्याची पुन्हा परीक्षा घ्यायची माझी तयारी नव्हती. दर महिन्याचे हप्ते ती कसे जुळवते हे मी या वेळी जवळून पाहत होते.

डिसेंबर 2021 मध्ये दुसऱ्यांदा तारा लागल्या. पहिल्या वेळेपेक्षा एक गोष्ट निराळी होती, ती म्हणजे मुळांची काळजी. दात हलवताना मुळांची टोके थोडी झिजू शकतात, आणि एकदा हलवलेले दात पुन्हा हलवायचे तर ही जोखीम तपासावी लागते. माझ्या वरच्या बाजूच्या दोन दातांच्या मुळांची टोके पहिल्या उपचारानंतर किंचित बोथट झालेली दिसत होती. त्यामुळे मॅडमनी दाब हलका ठेवला, घाई केली नाही आणि सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढून घेतला. सुरुवातीची तार निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची होती, जो मुळात अमेरिकी नौदलाच्या एका प्रयोगशाळेत तयार झाला. ही तार कितीही वाकवून वेड्यावाकड्या दातांत बसवली तरी हळूहळू आपल्या मूळ आकाराकडे परतत राहते आणि परतताना दातांना सोबत ओढते. मला ते ऐकून फार विचित्र वाटले होते, कारण माझ्या हिरडीने साडेतीन वर्षे नेमके हेच केले होते.

बाराव्या वर्षी तारांचे दुखणे मी सुट्टीच्या दिवसांत सोसले होते. सतराव्या वर्षी ते अभ्यासाच्या मध्ये आले. तार बदलल्यानंतरचे तीन दिवस पोळी चावता येत नसे. आई मऊ भात, मेतकूट आणि तूप देत असे, किंवा पोळी वरणात भिजवून. हिवाळ्यात आमच्याकडे उसाची तोड चालू असते आणि शेतावर गेले की ऊस सोलून दातांनी खाणे हा आम्हा सर्वांचा जन्माचा परिपाठ. दोन हंगाम मी कडेला उभी राहिले. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपराच्या आदल्या रात्री मागच्या दाढेजवळ तारेचे टोक बाहेर येऊन गाल सोलला गेला आणि मी टोकावर मेणाची गोळी लावून पेपर लिहिला. वर्गात मास्क होता, त्यामुळे कोणाला काही दिसले नाही. ज्या मुलींनी सातवी-आठवीत माझ्यासोबत तारा लावल्या होत्या त्यांचे दात सरळ होते. त्यातल्या एकीने मला विचारले, "तुझ्या तर निघाल्या होत्या ना?" मी तिला कारण सांगितले. ते मोठ्याने सांगताना जितके अवघड जाईल असे वाटले होते तितके गेले नाही.

तारा काढण्याच्या काही आठवडे आधी मॅडमनी त्या वळलेल्या दातासाठी एक छोटी प्रक्रिया केली. इंजेक्शनने जागा बधिर करून दाताच्या भोवतीचे, हाडाच्या वरचे हिरडीतील तंतू बारीक पात्याने कापायचे, म्हणजे ते सरळ झालेल्या दाताभोवती नव्याने जुळून येतात आणि मागे ओढत नाहीत. ही पद्धत 1970 च्या सुमारापासून प्रचारात आहे. दहा-पंधरा मिनिटांचे काम होते आणि दोन दिवस हिरडी हुळहुळली, इतकेच.

मार्च 2023 मध्ये, पंधरा महिन्यांनी, तारा दुसऱ्यांदा निघाल्या. खालच्या दातांना आतल्या बाजूने एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत पीळ दिलेली बारीक तार चिकटवली आहे, जी बाहेरून दिसत नाही आणि मला काढता येत नाही. तिच्यामागे कीटण फार लवकर साचते, म्हणून दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश रोज रात्री फिरवावा लागतो आणि तार कोठे सुटली आहे का ते जिभेने चाचपावे लागते. एखाद्या दातावरून तार सुटली आणि लक्षात आले नाही, तर तेवढा एक दात निमूटपणे सरकू लागतो. वरच्या दातांसाठी पारदर्शक रिटेनर आहे, तो मात्र काढता येतो. तो गार पाण्यानेच धुवायचा, कारण गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो, आणि जेवताना कागदी रुमालात कधीही गुंडाळून ठेवायचा नाही. वसतिगृहाच्या खानावळीत पहिल्याच महिन्यात माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा रिटेनर असाच उष्ट्या ताटासोबत गेला आणि आम्ही दोघींनी कचऱ्याचा डबा उपसून तो शोधला. तिने तो उकळत्या पाण्यात टाकण्याआधी मी तिचा हात धरला.

पुण्याला शिकायला आल्यापासून माझी डबी उशीजवळ असते. रात्रीच्या एसटीने गावी जाताना ती पिशवीत वरच ठेवते आणि स्वारगेटला गाडी सुटली की रिटेनर घालते. आजी आता नाही. ती असताना, 2022 च्या उन्हाळ्यात, तिने माझ्या तोंडातल्या तारांकडे पाहून विचारले होते की तुझे हे अजून संपले नाही का, आणि मी तिला सगळे सांगितल्यावर तिने आपली कवळीची वाटी माझ्याकडे सरकवून म्हटले होते, "माझ्यासोबत ठेवत जा. मी उठवीन." तेव्हा माझ्याकडे वाटीत ठेवण्यासारखे काही नव्हते, कारण तारा दातांवर पक्क्या होत्या.

या मे महिन्यात घरी कपाट आवरताना ती निळी डबी सापडली. गुलाबी प्लेट आत तशीच होती, पुढची तार थोडी काळवंडलेली. मी ती धुतली आणि घालून पाहिली. टाळूला ती टेकली, पुढची तार दातांवर आली, आणि उजवीकडे, त्याच दाताजवळ, केसभर जागा राहिली. आईला बोलावून दाखवली. तिने चश्मा लावून नीट पाहिले आणि म्हणाली, "बसली की जवळजवळ." मग तिने ती माझ्याकडून घेतली, पुसली आणि डबीत घालून परत कपाटात ठेवली.